भारा न उतरवता

माझ्या घराचं दार घरापेक्षा मोठं आहे, असं आमच्या वाडीत म्हणतात. नाकापेक्षा मोती जड. म्हणोत बापडे. लांजा तालुक्यातल्या आमच्या गावाच्या वरच्या अंगाला काजूची झाडं संपतात आणि आईन-किंजळाचं रान सुरू होतं. तिथे माझी एका खोलीची कुटी उभी आहे. येणारा आधी दाराकडे बघतो आणि विचारतो, "बाई, हत्ती बांधणार काय आत?" मी सांगते, "हत्ती नाही, आई." मग त्याला बसवते, चहा देते आणि सगळी हकीकत पहिल्यापासून सांगते. जन्मभर शाळेत शिकवलंय. ऐकणारा समोर बसला की मला थांबता येत नाही.

अशा बडबड्या बाईला मौनाची ओढ लागावी, याचं शाळेतल्या सगळ्यांना हसू यायचं. नोकरीत असताना एका उन्हाळी सुट्टीत मी विपश्यनेच्या शिबिराला गेले होते. पहिले दोन दिवस रोज पळून यावंसं वाटलं. तिसऱ्या दिवसापासून मात्र डोक्यातला वर्ग हळूहळू सुटत गेला आणि मला जन्मात पहिल्यांदा शांत वाटलं. तिथली ध्यानाची खोली अगदी लहान होती. दार इतकं बुटकं की कंबरेत वाकल्याशिवाय आत जाता येत नसे. वाकलं की मनसुद्धा खाली बसतं, असं मला तेव्हा वाटायचं. निवृत्त झाले की आपल्याच रानात अशी एक खोली बांधायची, तिथेच राहायचं आणि तिथेच ध्यानाला बसायचं, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं.

जमीन होती. वडील मुंबईला गोदीत होते. त्यांनी हा डोंगरउताराचा तुकडा हौसेने घेतला, खालच्या अर्ध्यात काजू लावले आणि वरचं रान तसंच ठेवलं. ते गेल्यावर खाली वाडीतल्या स्लॅबच्या घरात आई आणि मी अशा दोघीच राहिलो. मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही. थोरली बहीण मुंबईला. आईने ऐंशी ओलांडली होती, पण काठी घेतली नव्हती आणि माझं ऐकायलाही लागली नव्हती. त्यामुळे सगळं घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. आई वर राहायला आली तरच कुटीला अर्थ. तिला खाली एकटीला टाकून आपण रानात डोळे मिटून बसायचं आणि त्याला ध्यान म्हणायचं, एवढी निर्लज्ज मी नाही.

बहिणीची मुलगी आर्किटेक्ट आहे. तिला फोनवर कुटीचं सांगितलं तर ती माझ्याहून जास्त उड्या मारायला लागली आणि पुढच्याच शनिवारी मोठमोठ्या कागदांची गुंडाळी घेऊन हजर झाली. काय सुंदर काढलं होतं पोरीने! मातीच्या भिंती. दोन्ही बाजूंनी खाली उतरत आलेलं छप्पर, इतकं खाली की वळचणीला उभं राहून हात वर केला तर कौलाला लागावा. जमिनीवर मांडी घालून बसलं की बरोबर डोळ्यांसमोर येईल अशी एक बुटकी लांब खिडकी. आणि दार बुटकं, वाकून जायचं. मी न सांगताच तिने ते तसं काढलं होतं. मला तर रडूच यायचं बाकी होतं.

आम्ही दोघींनी तो कागद ओटीवर आईसमोर पसरला. आई तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं आणि चित्र नीट बघितलं.

"ह्यात कोन ऱ्हानार?"

"आपण दोघी," मी म्हटलं.

"म्हंजे झोपडी."

"झोपडी नाही गं आये, कुटी."

"नाव बदललास म्हनून झोपडीची माडी व्हते काय?" तिने कागदावरच्या दारावर बोट ठेवलं. "आनि ह्या दारातना काय, कोंबड्या जानार?"

भाचीने मोठ्या समजुतीच्या सुरात सांगितलं, "आजी, ते मुद्दाम तसं असतं. वाकून आत गेलं की नम्रता येते."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नम्रता? ती तुमी शिका. आमची शिकून झाली."

त्यानंतर ती जे बोलली ते मी माझ्या साठ वर्षांच्या आयुष्यात कधी सलग ऐकलं नव्हतं. तुकडे तेवढे माहीत होते. ती लग्न होऊन आली तेव्हा आमच्या वाडीत सगळी कुडाची घरं होती, कारवीच्या काठ्यांना शेणमाती लिंपलेली. गवताचं छप्पर पार खाली आलेलं. "डोक्यावर भारा घेऊन डोंगर उतरून याचा. दारात आलंव का आदी भारा खाली टाकाचा, मंग कंबर मोडून आत. तुजी भैन पोटात व्हती तवा पन तसाच. खोताच्या अंगनात वाकाचा, वाटेवर कोन मोटा मानूस दिसला का वाकाचा, नि आपल्या घरात शिरताना पन वाकाचा! दीक्षा घेतलंव आनि मान वर केलंव, पन दार काय वर झाला नाय. तुज्या बापाने गोदीत हाडां झिजवलान तवा हा घर झाला. आता तू शिकलेली पोर मना परत तया, त्याच दारात घालतंस?"

ती उठून आत गेली. आणि आत जाताना, आमच्या स्लॅबच्या घराच्या उंच दारातून जाताना, ती वाकली.

ती नेहमीच वाकायची. आई पाच फुटांचीसुद्धा नाही, पण कुठल्याही दारातून जाताना तिची मान खाली जाते. बँकेत, दवाखान्यात, माझ्या शाळेच्या हॉलमध्येसुद्धा. लहानपणापासून मी तिला त्यावरून चिडवत आले होते. "आये, दार तुझ्यापेक्षा दोन हात उंच आहे!" ती हसायची. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

राग मात्र आला, खोटं कशाला सांगू. माझं स्वप्न एका दारावरून मोडत होतं. मी चिडून म्हटलं, "मग कसलं दार हवंय तुला?" ती आतूनच ओरडली, "डोक्यावरचा भारा न उतरवता आत जाता येल, असा दार कर. मंग बगू!"

तिला वाटलं, विषय संपला. तिला हे कळायला हवं होतं की मी तिचीच मुलगी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्याच्या माळ्यावरून पेंढा काढला, त्याचा भारा बांधला आणि अंगणात तो डोक्यावर घेऊन उभी राहिले. भाचीला म्हटलं, "माप घे." भारा डावीकडे कलला, मी उजवीकडे, आणि आम्ही दोघं मिळून अबोलीच्या वाफ्यात पडलो. आई ओटीवरून बघत होती. आदल्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नव्हती, पण हे बघून तिला राहवेना.

"मास्तरनी, भारा असा घेतात? चुंबळ कुटंय?"

ती खाली आली. जुन्या लुगड्याचा पट्टा घेऊन तिने दोन पिळांत त्याची गोल चुंबळ केली आणि माझ्या टाळूवर ठेवली. मी पुन्हा तोल घालवला. "सर बाजूला," ती म्हणाली. चुंबळ स्वतःच्या डोक्यावर ठेवली, गुडघे थोडे मोडले आणि मला भारा वर चढवायला लावला. मग सरळ झाली. मी थक्कच झाले. ऐंशीची बाई, एरवी जराशी पोक काढून चालणारी, भाऱ्याखाली कशी ताठ उभी होती. मान सरळ, नजर समोर. ओझं डोक्यावर असलं की वाकता येत नाही, वाकलं की ओझं पडतं. मी पडवीच्या खांबाला तिला उभी केली आणि भाऱ्याच्या वर कोळशाने रेघ मारली. ती हसत होती. "येवडा दार? येडी काय तू?" म्हणाली. पण "नको" म्हणाली नाही, हे मी पक्कं ध्यानात ठेवलं.

रेघ झाली, आता दार करायचं. आणि इथे खरा घोळ सुरू झाला.

आमच्याकडे पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो. म्हणून छप्पर खाली आणावं लागतं, नाहीतर भिंती चार महिने पाणी पितात आणि आतल्या माणसाला खोकला लागतो. दार असतं लांब बाजूला, वळचणीखाली, सगळ्या कोकणात तसंच. तेव्हा दार उंच करायचं तर सगळं छप्पर उचलायला हवं. भाचीने मुंबईला जाऊन तसं काढून पाठवलं. मोबाईलवर ते चित्र बघून मी कपाळावर हात मारला. ती कुटी राहिली नव्हती, एसटीचा थांबा झाली होती. चारी बाजूंनी वारा, चारी बाजूंनी पाऊस. तिने दुसरं पाठवलं, त्यात दारापुरतंच छप्पर वर उचललं होतं. ते टोपी वर करून सलाम ठोकणाऱ्या शिपायासारखं दिसत होतं. "मावशी, कुठेतरी तडजोड करावी लागेल," ती फोनवर म्हणाली. "थोडं वाकायला लागेल इतकंच ठेवूया. आजीला समजावू आपण."

"थोडं वाकणं असं काही नसतं गं," मी म्हटलं आणि फोन ठेवला. आता ती लढाई माझी झाली होती.

पुढे बरेच दिवस मला दुसरं काही सुचत नव्हतं. ध्यानाला बसले तरी डोळ्यांसमोर श्वासाऐवजी कौलं यायची. लांज्याच्या बाजारात गेले की लोकांच्या घरांची दारं निरखत उभी राहायची. एका बाईने तर काय हवंय म्हणून हटकलंसुद्धा. मग एका दुपारी जेवण झाल्यावर मी कुणाच्यातरी लग्नाची पत्रिका हातात घेऊन बसले होते. चाळा म्हणून ती मधोमध दुमडली आणि टेबलावर तंबूसारखी उभी केली. झालं छप्पर. खाली मसाल्याचा डबा सरकवला. लांब बाजूने बघितलं तर पत्रिकेची कड डब्याच्या तोंडावर आलेली, दाराला जागाच नाही. आई समोर सुपारी कातरत होती. तिला पलीकडची चुन्याची डबी हवी होती म्हणून तिने पत्रिका डब्यासकट बाजूला फिरवली.

आणि ते माझ्यासमोर आलं. पत्रिकेची टोकाची बाजू. तिथे छप्पर खाली येतच नाही! छपराचे दोन उतार जिथे वर आढ्याला मिळतात, तिथे त्यांच्यामध्ये उंचच उंच त्रिकोण असतो, पूर्ण रिकामा. दार लांब भिंतीत कशाला हवं? ते त्या त्रिकोणाखालच्या टोकाच्या भिंतीत घालायचं. छप्पर दोन्ही बाजूंना हवं तेवढं खाली राहील, भिंती कोरड्या राहतील, आणि दार आढ्यापर्यंत नेलं तरी कोण अडवतोय! पाऊस येतो पश्चिमेकडून, दार ठेवायचं पूर्वेच्या टोकाला. वर आढ्याशी छप्परच दोन हात पुढे काढायचं. मी इतक्या मोठ्याने ओरडले की आईच्या हातातला अडकित्ता पडला.

भाचीला फोन केला. ती ऐकत राहिली, मग कागदावर पेन्सिल खरखरल्याचा आवाज आला. "मावशी," ती म्हणाली, "हे जमतंय. हे मस्त जमतंय! कॉलेजला ज्या फिया भरल्या त्या परत मागते मी." आम्ही दोघी फोनवर लहान पोरींसारख्या खिदळलो. तिची ती बुटकी लांब खिडकी मी तशीच ठेवली, कारण ती मला अजूनही जगातली सर्वांत शहाणी खिडकी वाटते.

गवंडी माझाच जुना विद्यार्थी होता, शेजारच्या कुणबीवाडीतला. पाढ्यांवरून त्याने माझ्या हातच्या छड्या खाल्ल्या होत्या, त्यामुळे मला घाबरायचा, पण दाराचं ऐकून त्याचाही धीर सुटला. "बाई, दार टोकाच्या भिंतीत? असा गोट्याला ठेवतात."

"गोठ्यात शिरताना गुरं वाकतात काय रे?"

"नाय."

"मग गुरांना जे मिळतं ते आम्हाला का नको?"

त्याने दाराचं माप वहीत उतरवून घेतलं. पाया घालायच्या दिवशी त्याने चाचरत विचारलं, "बाई, नारळ फोडायचा काय? तुमच्यात काय करतात?" मी म्हटलं, "त्रिसरण म्हणायचं असतं. नारळ आणला असशील तर खोबरं आम्हालाही आवडतं." मी वंदना म्हटली, तो चपला काढून हात जोडून उभा राहिला, आणि मग सगळ्यांनी गुळाबरोबर खोबरं खाल्लं.

मातीच्या भिंती मी रद्द केल्या. आईसमोर पुन्हा शेणमाती नको. जांभ्या दगडाचा चांगला ताशीव चिरा घेतला. कौलं आणली चिपळूणहून, पुरानंतर ज्यांनी जुनी घरं काढून स्लॅब टाकले त्यांच्याकडून. दाराची चौकट आमच्याच रानात वादळाने पडलेल्या फणसाची, पिवळीधमक. दोन फळ्यांचं दार, दोन्ही उघडल्या की भारा आडवासुद्धा जाईल. एक दिवस वर गेले तर दारासमोर, अंगणाच्या मधोमध, गवंड्याने चिऱ्याचा सुबक चौथरा उभा केलेला. तुळशीवृंदावन! नकाशात नाही, मी सांगितलेलं नाही.

"हे काय रे?"

तो स्वतःच चमकला. "बाई, हात आपसुक गेले. दारापुडं मोकळा बगवला नाय." पाडतो म्हणाला. मी म्हटलं, राहू दे, पाण्याची कळशी ठेवायला होईल.

या सगळ्या काळात आई एकदाही वर आली नाही. मी रोज संध्याकाळी लाल मातीने माखून घरी यायची आणि ती भलतीकडे बघत विचारायची, "संडास बांदलास काय? का लोटा घेऊन रानात जायाचा?" बांधला, फरश्या लावून, असं मी सांगायची. दुसऱ्या दिवशी, "वीज?" तीही आणली. "खिडकीला जाळी? रानात सरपटनारा असता." जाळी बसवली. पण राहायला येतेस का, हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. रात्री अंथरुणावर पडलं की मला भीती वाटायची. दार उभं राहील, घर उभं राहील, आणि आई खालच्या घरात बसून राहील. मग मी त्या कुटीत काजूच्या बिया साठवणार होते. मनाशी तसं ठरवलंही होतं.

गृहप्रवेशाच्या आदल्या दिवशी तिने एवढंच सांगितलं, "वंदनेला येन. झाली का मना खाली सोड." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सकाळी वाडीतली माणसं बुद्धवंदनेला वर जमली. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, मेणबत्त्या, फुलं. मी बुद्धमूर्ती आत खिडकीजवळ ठेवली. आईला घेऊन यायला भाची जीपने खाली गेली होती. काजूंपर्यंत जीप येते, तिथून वर पायवाट. सगळे जण दाराकडे माना वर करकरून बघत होते आणि हत्तीचा विनोद पहिल्यांदा तेव्हाच झाला. मी हसले, पण डोळे पायवाटेवर होते.

आधी भाची दिसली. ती उलटी चालत होती, हात पसरून, मागून येणाऱ्याला सांभाळत. मग आई दिसली. पांढरं लुगडं. डोक्यावर चुंबळ, आणि चुंबळीवर काथ्याने आवळून बांधलेला मोठा गुंडाळा. तिची गोधडी, उशी, पांघरायची शाल. खालच्या घरातलं तिचं सगळं अंथरूण.

कुणीतरी घ्यायला पुढे धावलं. तिने हात दाखवून थांबवलं. अंगणात आली तशी भाची चौथऱ्याकडे वळली. "आजी, इथे टेकव ना! बरोबर उंचीचं आहे!"

"सर बाजूला," आई म्हणाली.

मी दाराच्या आत उभी होते. मला माहीत होतं ती कुठे वाकते. उंबऱ्याच्या दोन पावलं आधी तिची मान खाली जाते, जन्मभर गेली आहे. ती त्या जागी आली. मान हलली नाही. नजर समोर, थेट माझ्यावर. ती उंबरा ओलांडून आत आली, आणि फणसाची चौकट तिच्या गुंडाळ्याच्या वर वीतभर राहिली. मी रडायला लागले, सगळ्या वाडीदेखत, मास्तरीण असून.

आत आल्यावर तिने ओझं स्वतःच्या हाताने उतरवलं. खोलीभर बघितलं. मी ध्यानासाठी मनात ठरवून ठेवलेला खिडकीजवळचा कोपरा तिला आवडला. तिने गोधडी तिथे पसरली, वर हात फिरवला आणि मला म्हणाली, "मी हकडं. तू तुजा डोला मिटून बसना त्या कोपऱ्यात घाल."

"घालते," मी म्हटलं.

मग ती दाराकडे वळली. बाहेर सगळे तसेच उभे होते, फुलं हातात धरून, आधी कोणी आत यायचं या संकोचात. आई चौकटीत उभी राहिली, पाच फुटांचीही नसलेली, डोक्यावर अजून रिकामी चुंबळ.

"बगताव काय? या आत," ती म्हणाली. "आनि कोनी वाकू नका."